फ्रिज बंद करून

गेल्या महिन्यात एक मुलगा माझ्या खोलीवर गिटार रेकॉर्ड करायला आला होता. पहिलाच अल्बम, सहा गाणी, खिशात पैसे नाहीत, त्यामुळे चहा माझ्याकडूनच. चहा पिता पिता त्याने विचारलं, "दादा, तुम्हाला घडवणारे पाच अल्बम कोणते?" मी फाडफाड पाच नावं सांगून मोकळा झालो. त्यातले दोन तर मी धड शेवटपर्यंत ऐकलेलेही नाहीत. आमच्या लायनीत हा प्रश्न आला की माणूस जरा फुगतोच. पण पोरगं ते मन लावून मोबाइलमध्ये टिपून घेत होतं, तेव्हा मात्र लाज वाटली. म्हणून आता खरं काय ते लिहितो. वाचत असशील तर ती जुनी यादी खोडून टाक रे बाबा.

पहिलं नाव ज्याचं घ्यायला हवं, तो अल्बमच नाही. ती डबलबारी आहे.

मी सावंतवाडी तालुक्यातला. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो: डबलबारी म्हणजे भजनाचा सामना. दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर. बुवा स्वतः पेटी वाजवतो आणि गातो, सोबत मृदुंग, चकी, झांजा आणि मागे कोरस. एकाने गाऊन झालं की दुसऱ्याची पाळी. रूपाचा अभंग, गजर, गवळण असं चढत जातं, मध्येच एक बुवा पुराणातला सवाल टाकतो, दुसरा गाण्यातूनच त्याला उत्तर देतो, आणि कोणी खूश होऊन पन्नास रुपये दिले तर ते नावानिशी माइकवर पुकारले जातात. हे पहाट होईपर्यंत चालतं.

बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. दिवसभर गाड्या उघडायचे आणि घरी येऊन लोकांच्या पेट्या उघडायचे. पंचक्रोशीतल्या बिघडलेल्या पेट्या आमच्या पडवीत येऊन पडत. १९९६च्या जत्रेत बारीच्या ऐन तोंडावर एका बुवांच्या पेटीचा एक सूर बोलेना. सूर म्हणजे आतली ती पितळेची पट्टी, तिच्या जिभेखाली धुळीचा कण अडकला तरी ती मुकी होते. बाबांना बोलावणं आलं. त्यांनी वरची फळी काढली, दाढीच्या ब्लेडने जीभ अलगद उचलली, खालून कागदाची पट्टी ओढली, फुंकर मारली. सूर बोलायला लागला. बुवा म्हणाले, हयच बसा, परत अडाकलो तर? अशा रीतीने मी, वय वर्षं अकरा, बाबांच्या मांडीला लागून पेटीपासून हातभर अंतरावर बसलो.

रात्री दोनच्या सुमारास लाइट गेली. त्यात नवल काहीच नव्हतं. पण भोंगे बंद पडले आणि मागे बसलेली माणसं आपोआप पुढे सरकली. कोणीतरी कंदील आणला. बुवा क्षणभर थांबले, खाकरले आणि गजर तिथूनच पुढे सुरू केला. तेव्हा मला पहिल्यांदा पेटी ऐकू आली. भोंग्यातून येते ती वेगळी. ही पेटी श्वास घेत होती. भाता मागे जाताना फुस्स, पट्ट्यांवर नखांची टकटक, मृदुंगवाल्याच्या नाकातला वारा, तानेच्या आधी बुवांनी गिळलेला आवंढा, सगळं. अर्ध्या तासाने लाइट आली, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि सगळं पुन्हा मोठं आणि लांब झालं. मला वाईट वाटलेलं आठवतंय. कशाचं ते तेव्हा सांगता आलं नसतं.

दुसरी वस्तू खरीखुरी कॅसेट आहे. आम्हाला शहर म्हणजे म्हापसा, मुंबई नव्हे. मामा म्हापशाला नोकरीला होता आणि त्याच्या कपाटात रेमो फर्नांडिसची 'गोवन क्रेझी' होती. १९८४ची. इंग्रजी गाणी, मला निम्मीसुद्धा कळत नव्हती. पण मामा जी गोष्ट सांगायचा ती कळायची: हा शिवोलीचा माणूस, शिकला आर्किटेक्चर, मुंबईच्या कंपन्यांनी नाही म्हटलं तेव्हा घरच्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर सगळी वाद्यं स्वतः वाजवून अल्बम केला, आणि स्वतःच्या पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेटी पोचवल्या. सरकारने २००७ साली त्याला पद्मश्री दिली ते नंतरचं. मला ती स्कूटर पुरली. कॅसेट विकणारा माणूस कंपनीच्या बिल्डिंगीत बसलेला नसतो, तो आपल्याच रस्त्याने जातो, हे बाराव्या वर्षी कळणं फार मोठी गोष्ट आहे.

चार ट्रॅक म्हणजे काय भानगड, ते पुढे एका मित्राचं तसलं यंत्र महिनाभर उसनं आणलं तेव्हा समजलं. साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात, दोन ए बाजूचे, दोन बी बाजूचे. हे यंत्र चारही पट्टे एकाच दिशेने वापरतं, म्हणून कॅसेट उलटायची सोयच नाही. वर फीत पळते दुप्पट वेगाने, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटवर तुम्हाला मिळतात पंधरा मिनिटं. पाचवं वाद्य हवं असेल तर आधीची तीन मिसळून चौथ्या पट्ट्यावर उतरवायची आणि ती तीन जागा पुसून पुन्हा वापरायच्या. एकदा मिसळलं की मिसळलं. आमटीत पडलेलं मीठ. त्यातला ढोल थोडा कमी हवा होता, असं दुसऱ्या दिवशी वाटून उपयोग नाही. मी त्या महिन्यात एकही धड गाणं केलं नाही, पण आधी ठरवून मग वाजवायची सवय लागली. आज माझ्या लॅपटॉपवर शंभर ट्रॅक घेता येतात आणि मी तीन-तीन आठवडे काहीच ठरवत नाही.

पुण्यात कॉलेजला आलो तेव्हा होस्टेलवर संदीप खरे आणि सलील कुलकर्णींच्या कॅसेटी रात्रंदिवस वाजायच्या. मला आवडायच्या, नाही असं नाही, पण तोंडपाठ असणं आणि अंगात भिनणं वेगळं. सवाईलाही गेलो. तेव्हा महोत्सव रमणबागेच्या मैदानावर व्हायचा. पुण्यात राहून हे लिहिणं म्हणजे सामाजिक आत्महत्या आहे, तरी लिहितो: मी भारतीय बैठकीत चक्क झोपलो. शेजारच्या काकांनी अंगावर शाल टाकली होती. जाग आली तेव्हा तानपुरे जुळत होते, आणि त्या संध्याकाळचं मला आजही फक्त तेवढंच आठवतं, पण लख्ख आठवतं.

माझ्या अंगात जे भिनलं ते 'इंडियन ओशन', दिल्लीचा बँड. 'कंदिसा' २००० साली आला होता. रूममेटकडे होता. 'मा रेवा' ऐकून मी उठून बसलो, कारण हे गाणारे लोक नर्मदेबद्दल कुठेतरी लांबून गात नाहीत हे कानाला कळत होतं. बेस वाजवणारा राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात प्रत्यक्ष होता, हे मला नंतर समजलं. पण माझा खरा अल्बम त्याच्या आधीचा, 'डेझर्ट रेन'. तो स्टुडिओत झालेलाच नाही. १ जानेवारी १९९७ला दिल्लीत नाटककार सफदर हाश्मींच्या स्मृतीत 'सहमत' या कलावंतांच्या संस्थेने केलेल्या कार्यक्रमात ते वाजवत होते, ते ध्वनिमुद्रण म्हणजे हा अल्बम. १९८९ साली त्याच तारखेला पथनाट्य चालू असताना हाश्मींवर हल्ला झाला होता आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. हे ठाऊक असो वा नसो, त्या रेकॉर्डिंगमध्ये उघड्यावरची हवा आहे. सुष्मित सेनची गिटार सुरू होते तेव्हा आपण हेडफोनमध्ये नसतो, कुठेतरी बाहेर उभे असतो. मला एकदम जत्रेतला कंदील आठवला.

मग २००४ साली त्यांना एका कॉलेजच्या मैदानावर ऐकलं. आयोजकांनी दोन तास उशीर केला, साउंडवाल्याने तिसऱ्या गाण्यापर्यंत माइककडून शिट्ट्या मारून घेतल्या. मला काही तक्रार नव्हती, कारण धक्काबुक्की करत मी स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात पोचलो होतो आणि समोर असीम चक्रवर्ती होते. मांडी घालून बसलेले, भोवती तबला आणि इतर तालवाद्यं, तोंडाशी माइक. हा माणूस तबला वाजवता वाजवता गात होता. ज्याने प्रयत्न केलाय त्यालाच कळेल हे काय प्रकरण आहे. तबला अंगाला लय धरायला लावतो आणि गळ्याला लय सोडून तरंगायचं असतं. दोन गाण्यांच्या मध्ये राहुल राम माइकवर गमती करून लोकांना हसवत होता आणि असीमदा मान खाली घालून हातोडीने तबला ठोकून घेत होते. टक, टक, कान जवळ, पुन्हा टक. ती हातोडी कुठल्या अल्बममध्ये नाही. २००९च्या डिसेंबरात ते गेल्याची बातमी आली तेव्हा मला आधी तीच टकटक ऐकू आली.

आता माझी फजिती. २०१३ साली मी साठवलेले ऐंशी हजार घालून पाच गाण्यांची पहिली ईपी केली. शहरातला चांगला स्टुडिओ, काचेपलीकडे चांगला माणूस. बाबांची पेटी मी रातराणीने मांडीवर घेऊन पुण्याला आणली होती. क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठोक्यावर वाजवली, एकेक ओळ तुकड्यातुकड्याने. दहा दिवसांनी मिक्स आलं. पेटी कुठेय? होती, सूर होते, अगदी स्वच्छ. भात्याचा आवाज गेला होता. "दादा, खूप हवा येत होती, मी नॉइज रिडक्शन मारलं," इंजिनियर अभिमानाने म्हणाला. चूक त्याची नव्हती. मीच तीनदा म्हटलं होतं, की क्लीन पाहिजे, बाहेरच्या बँडसारखं. आता परत करायला ना पैसे होते ना तोंड. ईपी तशीच निघाली. बाबांनी ऐकली आणि विचारलं, "ह्यो कीबोर्ड खयचो?"

त्या वर्षी मी वर्षभर काही रेकॉर्ड केलं नाही आणि अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' ऐकत बसलो. त्याची गोष्ट रेमोच्या दोन वर्षं आधीची: १९८२च्या जानेवारीत या माणसाने न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरी, बेडरूममध्ये, तसल्याच चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर गाणी उतरवली. बँडला ऐकवायला कच्चा नमुना म्हणून. ती कॅसेट तो बिनडबीची जीन्सच्या खिशात घालून फिरत होता. मग स्टुडिओत अख्खा बँड घेऊन तीच गाणी केली, ती मनासारखी झालीच नाहीत आणि शेवटी खिशातली कॅसेटच अल्बम म्हणून बाहेर आली. शिवोली आणि न्यू जर्सी, दोघांनी बहुधा एकमेकांचं नावही तेव्हा ऐकलं नसेल. मला मात्र ते एकाच आळीतले वाटतात. फरक एवढाच की स्प्रिंगस्टीनकडे मोठा स्टुडिओ होता आणि तरी तो खोलीत परतला. रेमोला दुसरा दरवाजाच नव्हता.

२०१९च्या मे महिन्यात मी दोन माइक आणि लॅपटॉप घेऊन गावी गेलो. पडवीत रेकॉर्ड करायचं ठरवलं. बाबा पेटीवर, मी गिटारवर, दोघं समोरासमोर, क्लिक नाही. पहिल्याच टेकला मला घाम फुटला. इतकी वर्षं ऐकवायचे तेच बाबांनी पुन्हा ऐकवलं: "भातो कित्याक येवढो आपटतंस? पेटी काय पळान जातली?" ते मला नव्हतं, स्वतःच्याच हाताला होतं. माइक पाहून तेही घाबरले होते.

भाता छान येत होता. टकटकही. त्रास होता तो फ्रिजचा. माजघरातला आमचा फ्रिज जुना, दर वीस मिनिटांनी असा काही गुरगुरतो की खाली सरळ एक सूर धरून बसतो, पांढरी चारच्या, म्हणजे पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीच्या, जरासा खाली. तोही खोलीचाच आवाज आहे, राहू दे, असं तत्त्व म्हणून बोलणं सोपं असतं. पण बेसूर तंबोरा लावून गायचं कसं? मी जाऊन बटण बंद केलं. दुपारभर सात टेक झाले. सातवा झकास लागला, बाबा डोळे मिटून वाजवत होते, मध्ये परड्यात एक झावळी पडली तीही समेवर पडली असं मला आजही वाटतं. रात्री जेवून खुशीत झोपलो.

त्या सगळ्या टेकमधला जो मी शेवटी वापरला तो आठवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, सहज, बाबांचा हात मोकळा होता म्हणून घेतलेला. शेवटचा सूर विरत असताना आतून फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज येतो, मग दोन सेकंद काहीच नाही, आणि मग आई: "अरे मेल्यांनो, फ्रिज कोणी बंद केल्यान? माझे बांगडे!"

बाबांनी भाता सोडून दिलेला त्यानंतर ऐकू येतो.