पहिलं पान, आठ दिवसांत

"आठ दिवसांत गूगलच्या पहिल्या पानावर, गॅरंटी!" फोनवरचा मुलगा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या काकूंना पटवत होता. त्यांच्या फराळाची वेबसाइट नुकतीच सुरू झालीय. काकू म्हणाल्या, "माझी चकली खाल्लीत का कधी?"

पलीकडून फोन कट.

हा प्रश्न डोक्यातून जाईना. गूगलचे संस्थापक पेज आणि ब्रिन यांच्या १९९८ च्या पेजरँकमध्येही (शोधात पानांचा क्रम लावायची त्यांची पद्धत) विचार साधारण हाच होता: तुमची शिफारस कोण करतंय? दुसऱ्या साइटनं दिलेली लिंक म्हणजे शिफारस, आणि वजनदार साइटची असेल तर जास्त मोलाची. आता निकष पुष्कळ वाढलेत. पण पैसे घेऊन क्रमांक वर नेत नाही, असं गूगल स्वतःच सांगतं (जाहिराती वेगळ्या). सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या सेवेत साइटमॅप, म्हणजे आपल्या साइटवरच्या पानांची यादी, देणंही फुकट.

मग ही 'गॅरंटी' बडोद्यात विकत तरी कोण घेतं?