खाडीच्या हवेतलं मिग-२१: रंग सगळ्यात शेवटी

जुनं लढाऊ विमान पुन्हा उभं करायचं ठरलं की मंडळी आधी रंगाचं कोटेशन मागवतात. ठाणे-नवी मुंबईत कामाचा सगळा बिघाड तिथूनच सुरू होतो. ऐरोली ते बेलापूर या पट्ट्यात वारा खाडीवरून मीठ घेऊन येतो. जून ते सप्टेंबर दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्या चार महिन्यांत दोरीवरचा रुमालसुद्धा धड वाळत नाही. अशा हवेत विमानाचा पत्रा आतून सडतो. आतलं पाणी न काढता वर रंग चढवला तर ते कोंडून राहतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फोड येतात. म्हणून शनिवार-रविवार देऊन हे काम करणाऱ्यांसाठी हा मजकूर पाण्यापासून सुरू करतोय. विमान उडवायचं नाही, उभं ठेवायचं आहे, हे गृहीत धरलं आहे.

उदाहरणाला मिग-२१ घेतलं, कारण ते आपल्या घरचं. १९६४ मध्ये नाशिकजवळच्या ओझरला एचएएलचा कारखाना उभा राहिला तो याच विमानासाठी, आणि तिथे त्याची टाइप ७७ म्हणजे एफएल ही आवृत्ती बनली. एफएल डिसेंबर २०१३ मध्ये सेवेतून गेली, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला शेवटच्या मिग-२१ विमानांनाही निरोप दिला गेला. आपल्या सोयीची गोष्ट म्हणजे यातली मापं मेट्रिक आहेत. पाने, ड्रिल बिट, स्क्रू वागळे इस्टेटमधल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. नॅटसारख्या ब्रिटिश घराण्याच्या विमानाला इंची माप लागतं आणि योग्य आट्यांचा एक स्क्रू शोधण्यात आठवडा जातो.

हात लावण्याआधी चार गोष्टी पक्क्या हव्यात. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीतली आणि कॅनॉपीची (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाची) स्फोटक काडतुसं काढली आहेत, असं विमान देणाऱ्या हवाई दलाच्या युनिटचं पत्र मिळवा. "काढली असतील" यावर कुणालाही कॉकपिटमध्ये बसू देऊ नका. मिग-२१चे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. त्या हवेच्या बाटल्यांत शंभर बारच्या वर दाब भरतात, तेव्हा त्या रिकाम्या असल्याची खात्री जाणकाराकडून करून घ्या. चाकांच्या ओलिओमध्ये, म्हणजे धक्के झेलणाऱ्या दांड्यात, नायट्रोजन आणि हायड्रॉलिक तेल दाबाखाली असतं. त्याचा व्हॉल्व्ह सोडताना तोंड समोर धरायचं नाही, आणि विमान घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) घेतल्याशिवाय सोडायचाच नाही. टाक्यांत केरोसीनची वाफ वर्षानुवर्षं राहते, म्हणून टाकीजवळ ग्राइंडर आणि वेल्डिंग बंद.

पाचवी गोष्ट लोकांना माहीत नसते. कॉकपिटमधल्या जुन्या घड्याळांवर, म्हणजे काटे असलेल्या मापयंत्रांवर, अंधारात चमकणारा रंग रेडियमचा असू शकतो. रेडियम-२२६चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. चमक विझली तरी किरणोत्सर्ग तसाच असतो. काच फुटलेलं किंवा भुकटी सुटलेलं घड्याळ उघडू नका, घासू नका; जाड पिशवीत बंद करून वेगळं ठेवा आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला विचारा.

तोल हा आणखी एक धोका. इंजिन, म्हणजे तुमान्स्की आर-११, साधारण ११०० किलोचं आणि मागच्या बाजूला. नाकातलं रडार, बॅटरी, कॉकपिटमधलं सामान काढलं आणि इंजिन आतच राहिलं तर विमान शेपटीवर बसू शकतं. नाकातलं काहीही काढण्याआधी शेपटीखाली घोडा लावून घ्या. इंजिन काढायचं असेल तर मिगचा मागचा अर्धा भाग बोल्ट सोडून मागे सरकतो. पण फक्त प्रदर्शनासाठी ही उठाठेव करू नका. क्रेन आणि ट्रॉली दोन्ही लागतात आणि जोडताना भोकं जुळवता जुळवता दिवस जातात.

आता पाणी. प्रत्येक विमानाच्या पोटाखाली, पंखाच्या मुळाशी, फ्लॅपच्या मागच्या कडेला निचऱ्याची बारीक भोकं असतात. चौकात किंवा शाळेच्या आवारात चौथऱ्यावर उभं असलेलं विमान दर दोन वर्षांनी रंगवलं जातं आणि ती भोकं रंगाखाली बुजतात. उरलेल्यांत कुंभारीण माशी मातीचं घर करते. विमान नाक वर करून चढवलं असेल तर मूळ भोक सर्वांत खालचं उरतही नाही. पाणी शेपटीकडे वाहतं आणि तिथे वाट नसते. प्रत्येक कप्प्याचा सर्वांत खालचा बिंदू पाण्याच्या लेव्हलने शोधा. आधी तीन मिलिमीटर जाडीची नायलॉनची तार घालून जुनं भोक मोकळं करा. भोक नसलेल्या जागी, फ्रेम आणि रिव्हेटची ओळ सोडून, ६ मिलिमीटरचं नवं भोक पाडा आणि कडेला लगेच प्रायमर लावा. विमान ज्यांच्या मालकीचं आहे त्यांची परवानगी आधी घ्या.

भोक मोकळं झालं की जे बाहेर येतं त्यावरून आतला आजार कळतो. तपकिरी पाणी म्हणजे पोलादी स्क्रू आणि ब्रॅकेट गंजलेत. पांढरा चिकट गाळ म्हणजे अ‍ॅल्युमिनियम खातंय.

पॅनेल उघडण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो जाऊ द्यावा. जुन्या पोलादी स्क्रूंवर कॅडमियमचा मुलामा असतो. तो उडाला की खारट ओलीत पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम यांची छोटी बॅटरीच तयार होते. स्क्रूभोवतीचा पत्रा खाल्ला जातो आणि त्याची भुकटी फुगून स्क्रूला घट्ट आवळते. नुसता जोर लावला तर खाच निसटते. आधी सुईने खाचेतला रंग पूर्ण काढा. अ‍ॅसिटोन आणि एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं तेल, समप्रमाणात बाटलीत हलवून थेंब थेंब सोडा. दोन्ही वेगळी होतात, म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवायची. हे मिश्रण कॅनॉपीच्या आसपास नेऊ नका. चोवीस तास थांबा. मग हातातला इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि अर्ध्या किलोची हातोडी. तरीही हलला नाही तर शंभर वॉटची सोल्डरिंग आयर्न डोक्यावर दोन मिनिटं धरा. ब्लो टॉर्च नको, पत्र्याची ताकद जाते. शेवटचा उपाय म्हणजे स्क्रूच्या दांड्याएवढ्या बिटने फक्त डोकं उडवायचं, पॅनेल उचलायचं आणि उरलेला दांडा व्हाइस ग्रिपने फिरवायचा. कॅडमियमची धूळ विषारी असल्याने हे स्क्रू वायर ब्रशने घासायचे नाहीत.

एकाच पॅनेलला तीन लांबीचे स्क्रू असू शकतात. पुठ्ठ्यावर पॅनेलचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्याच जागी खोचा. आणि कृपा करून पत्र्यावर पेन्सिलीने खूण करू नका. शिसपेन्सिलीत ग्रॅफाइट असतं, आणि ग्रॅफाइट अ‍ॅल्युमिनियमला पोलादापेक्षा वाईट खातं. रेघेच्या रेघा पत्र्यात कोरल्या जातात. फेल्ट पेन वापरा. ग्रॅफाइट असलेलं ग्रीसही याच कारणाने वर्ज्य.

परत लावताना "एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) स्क्रू टाका, गंजणार नाहीत" असा सल्ला सगळीकडून येतो. स्क्रू गंजत नाही हे खरं, पण मग पत्रा जास्त वेगाने जातो. एसएस वापरायचेच असतील तर प्रत्येक स्क्रू ओल्या प्रायमरमध्ये किंवा सीलंटमध्ये बुडवून लावा, म्हणजे दोन धातू एकमेकांना टेकत नाहीत.

धुण्यासाठी बोअरचं पाणी नको. खाडीकाठच्या बोअरमध्ये क्षार असतात आणि आपण मीठ काढायला निघालेलो असतो. नवी मुंबईत मोरबे धरणाचं नळाचं पाणी चांगलं; ठाण्यातही नळाचंच घ्या. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर दोन-चारशे रुपयांना मिळतो: धुवून खाली आलेल्या पाण्याचा आकडा नळाच्या पाण्याच्या आकड्याला येऊन टेकेपर्यंत धुवा. प्रेशर वॉशर वापरू नका, तो सांध्यांतून पाणी आत मारतो. धुण्याचा साबण सौम्य हवा. नंतर सगळी पॅनेल उघडी ठेवून दोन दिवस पंखा लावा.

गंजाचे दोन चेहरे ओळखता आले पाहिजेत. वरवरची पांढरी भुकटी नायलॉनच्या ब्रशने आणि स्कॉच-ब्राइटने निघते. स्टील वूल आणि लोखंडी ब्रश लावू नका, त्यांचे कण पत्र्यात रुततात आणि महिन्याभरात तांबडे ठिपके येतात. दुसरा चेहरा घातक. मिगचा पत्रा डी-१६ या मिश्रधातूचा, त्यात सुमारे चार टक्के तांबं. त्यामुळे तो मजबूत असतो, पण कडेकडून गंज धरला की खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटतात. बोटाने दाबून फुगवटा लागला की तो भाग घासून वाचत नाही. चांगला धातू लागेपर्यंत कापायचा. त्यावर लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत करणं म्हणजे फक्त फोटोपुरतं काम. लांबी ओल धरून ठेवते. लांबी वापरलीच तर प्रायमरवर आणि दोन मिलिमीटरच्या आत. सँडब्लास्टिंग कुणी फुकट करून देतो म्हणाला तरी पत्र्यावर नको, एक मिलिमीटरचा पत्रा लाटा धरतो.

जुना पिवळट-हिरवा प्रायमर बहुधा झिंक क्रोमेटचा असतो. त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे. तो कोरडा घासायचा नाही. पाणी मारून, पी-१०० फिल्टरचा मास्क लावून, आणि खालचा गाळ गटारात न सोडता डब्यात गोळा करून.

ठिगळ लावायला भरीव रिव्हेट वापरा. तीन मिलिमीटरचा जुना रिव्हेट काढताना मध्ये पंचाने खूण करून तीनच मिलिमीटरच्या बिटने डोक्याच्या जाडीपुरतंच ड्रिल करा, डोकं उडवा आणि मागे आधार देऊन दांडा पिन पंचाने ठोका. आरपार ड्रिल केलं की भोक लांबटतं आणि साडेतीनचा रिव्हेट लागतो. नव्याची लांबी काढायचा हिशेब असा: सगळ्या पत्र्यांची जाडी अधिक व्यासाची दीडपट. एकेक मिलिमीटरचे दोन पत्रे असतील तर २ अधिक ४.५, म्हणजे साडेसहा. ठोकल्यावर मागचं डोकं साडेचार रुंद आणि दीड उंच दिसलं पाहिजे. भोकाचं केंद्र कडेपासून किमान ६ मिलिमीटर आत. एकाने रिव्हेट ठोकणारी गन धरायची, दुसऱ्याने मागून आधाराचा ठोकळा, म्हणजे डॉली. दोघांची सवय जुळायला शे-दीडशे रिव्हेट भंगार पत्र्यावर घालवा. पॉप रिव्हेट मागे हात पोचत नाही तिथेच, आणि त्याची आतली तारसुद्धा अ‍ॅल्युमिनियमची हवी. पोलादी तार प्रत्येक रिव्हेटखाली तपकिरी ओघळ काढते.

कॅनॉपी अ‍ॅक्रिलिकची असते. खिडकीच्या काचेसाठी मिळणारा अमोनियाचा स्प्रे, पेट्रोल, थिनर यांनी आत बारीक तडे जातात आणि ते परत निघत नाहीत. साबणाचं पाणी, उघडा तळहात, मऊ सुती कापड. ओरखडे १५०० पासून १२००० पर्यंतच्या मायक्रोमेशने (अतिबारीक घासकापडाने) ओले घासायचे, दर टप्प्याला दिशा बदलून. झाकायला प्लॅस्टिक नको, सुती कापड बरं. प्लॅस्टिकखाली घाम धरतो.

जुना रंग काढण्याआधी एक काम फार मोलाचं. पाच सेंटीमीटरचं वर्तुळ घ्या आणि ४००, ८००, १२०० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने उतरत्या कडेने घासा. झाडाच्या खोडासारखी रंगांची कडी दिसतात. एफएल सुरुवातीला चंदेरी धातूच्या रूपात उडायच्या. १९७१च्या युद्धाच्या वेळी अनेकांवर घाईने हिरवा हात फिरवला गेला. ती सगळी कहाणी चौथऱ्यावरच्या ऑइल पेंटखाली सापडू शकते. वर्तुळांचे फोटो, राउंडेलचा (हवाई दलाच्या गोल चिन्हाचा) व्यास आणि पॅनेलच्या रेघेपासूनचं अंतर ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या. राउंडेल बाहेरून केशरी, मग पांढरा, मध्ये हिरवा. उलटा रंगवलेला पाहिला की जीव तुटतो.

रंगाचे दिवस आपल्याकडे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं. हवा ३० अंश, आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे १८, चिंता नाही. हवा २८ आणि आर्द्रता ८० असेल तर दवबिंदू २४ वर जातो, आणि रात्रभर गार झालेला पत्रा सकाळी आठला त्याच्या आसपासच असतो. साडेदहाला सुरू करा, साडेतीनला गन ठेवा. क्षेत्रफळ साधारण शंभर चौरस मीटर धरा. पन्नास टक्के सॉलिड्सचा (सुकल्यावर निम्माच उरणारा) इपॉक्सी प्रायमर पन्नास मायक्रॉनला लिटरमागे दहा चौरस मीटर जातो, म्हणजे हिशेबाने दहा लिटर; पण गनची फवार वाऱ्यावर उडते, सोळा आणा. वरचा पॉलियुरेथेन दोन हात मिळून साठ मायक्रॉन, वीस लिटर. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा देणारा लागतो. तो नसेल तर हे काम व्यावसायिक बूथवाल्याकडे द्या.

पुढे राहतं ते पक्षी आणि टायर. इनटेक (हवा आत घेणारं तोंड) आणि मागच्या नळकांड्यावर १२ मिलिमीटरची जाळी बसवा, हवा खेळती राहू द्या. कबुतरांची विष्ठा ओली करूनच काढा. वजन टायरवर ठेवू नका, आसाखाली लोखंडी स्टँड हवा, आणि ओलिओच्या दांड्यावर दोन फाकांची कॉलर.

जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर दोन तासांनी पोटाखाली कोरडा पुठ्ठा अंथरा आणि कोणत्या भोकातून किती थेंब पडतात ते भोकाच्या नंबरासह वहीत लिहा. ज्याच्याखाली पुठ्ठा कोरडा राहिला त्या भोकात त्याच दिवशी नायलॉनची तार घाला.