सांबारवडी आणि डर्बनव्हिलची एक बाटली

नागपुरात मी घरगुती समारंभांच्या जेवणाची आणि पेयपानाची व्यवस्था पाहते. त्याआधी नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला एका वाइनरीच्या टेस्टिंग रूममध्ये मी चार हंगाम काम केले होते. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या कुटुंबांना वाइन ओतून देणे, कशाबरोबर काय खावे ते सांगणे आणि गर्दी ओसरल्यावर पेले पुसून ठेवणे हे माझे तिथले काम होते. त्या कामात शिकलेले सगळे मार्चअखेरच्या एका शनिवारी काटोल रस्त्यावरच्या एका संत्र्याच्या बागेत कसाला लागले.

धरमपेठेत राहणारे एक काका-काकू जानेवारी ते मार्च आपल्या मुलीकडे दक्षिण आफ्रिकेत राहून आले होते. मुलगी केपटाऊनच्या डर्बनव्हिल नावाच्या उपनगरात राहते. परत आल्यावर आठवड्याच्या आतच काकूंचा मला फोन आला. "आमच्या बागेत एक शनिवारची संध्याकाळ करायची आहे, तिकडे करतात तशी," असे त्या म्हणाल्या. "तशी" म्हणजे कशी, हे समजून घेण्यासाठी मी त्यांच्या घरी गेले आणि दोन तास नुसती ऐकत बसले.

काकूंनी जे सांगितले त्यातले काही मला अभ्यासाने माहीत होते, पण त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदा डोळ्यांसमोर उभे राहिले. डर्बनव्हिलमध्ये घरांच्या रांगा संपतात तिथेच द्राक्षमळ्यांच्या टेकड्या सुरू होतात. या गावाचे मूळ नाव पम्पूनक्राल, म्हणजे भोपळ्यांचे आवार. 1836 मध्ये तिथल्या गव्हर्नर डर्बन यांच्यावरून ते बदलले आणि पूर्व किनाऱ्यावरच्या डर्बन शहराशी गोंधळ होऊ नये म्हणून 1886 मध्ये त्याचे डर्बनव्हिल झाले. तिथले काही मळे सतराव्या शतकाच्या अखेरीपासूनचे आहेत. शनिवारी दुपारी शेजारीपाजारी, आजी-आजोबा, लहान मुले असा सगळा गोतावळा मळ्यावर जातो, झाडाखाली लांब टेबले मांडलेली असतात, कोणीतरी गिटार घेऊन गात असते आणि जुन्या द्राक्षवेलींच्या खोडांच्या निखाऱ्यावर मांस भाजले जाते. त्याला तिकडे 'ब्राय' म्हणतात. काकूंना सर्वांत जास्त आवडले होते ते हे, की तिथे कोणी पिण्यासाठी म्हणून बसलेले दिसत नव्हते. माणसे जेवायला बसलेली होती आणि वाइन त्या जेवणातला एक पदार्थ होती. आपल्याकडे 'पार्टी' म्हटले की बायका आणि मुले वेगळ्या खोलीत जातात, याची खंत त्यांनी दोनदा बोलून दाखवली.

येताना दोघांनी प्रत्येकी दोन बाटल्या आणल्या होत्या. परदेशातून येताना माणशी दोन लिटरची मुभा असते आणि बाटली 750 मिलिलिटरची, त्यामुळे हिशेब बरोबर बसत होता. दोन बाटल्या सॉव्हिन्यों ब्लांक या पांढऱ्या वाइनच्या होत्या आणि दोन पिनोटाज या लाल वाइनच्या. सॉव्हिन्यों ही डर्बनव्हिलची खासियत आहे. अटलांटिकचे पाणी तिथे थंड असते, दुपारनंतर समुद्रावरून गार वारा टेकड्यांवर चढतो, द्राक्षे सावकाश पिकतात आणि त्यांच्यातला हिरवा, कापलेल्या गवतासारखा, ढोबळ्या मिरचीसारखा वास टिकून राहतो. पिनोटाज हे तर दक्षिण आफ्रिकेचेच अपत्य आहे. 1925 मध्ये अब्राहम पेरोल्ड या शास्त्रज्ञाने पिनो न्वार आणि सिन्सो या दोन जातींचा संकर करून ही द्राक्षे तयार केली.

जेवण मात्र आपलेच हवे, यावर काका ठाम होते. सांबारवडी, पाटवडी रस्सा, वांग्याचे भरीत, ज्वारीची भाकरी आणि चुलीवरचे सावजी मटण. आम्ही नागपूरकर कोथिंबिरीला सांबार म्हणतो, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. सांबारवडीचा दक्षिणेतल्या सांबाराशी काही संबंध नाही. बेसनाच्या पातळ पारीत खसखस, सुके खोबरे आणि भरपूर कोथिंबीर भरून तळलेली ती वडी आहे. यादी ऐकताच माझ्या मनात एक जोडी पक्की झाली. कोथिंबिरीचा हिरवेपणा आणि डर्बनव्हिलच्या सॉव्हिन्योंचा हिरवेपणा एकमेकांना ओळखतील, असे मला वाटले.

सावजीबद्दल मात्र मी काकांना स्पष्ट सांगितले, की त्याच्याबरोबर पिनोटाज नको. हलबा कोष्ट्यांच्या घरांतून आलेले हे मटण मिरची, काळी मिरी, दगडफूल आणि जवसाच्या तेलाच्या जोरावर उभे असते. तिखटाचा दाह अल्कोहोलने वाढतो आणि लाल वाइनमधला तुरटपणा त्या दाहात आणखी कोरडा, कडवट लागतो. "मटण लाल, तर वाइन लाल" हे तिकडच्या मटणाचे गणित आहे, आपल्या मटणाचे नाही. सावजीला थंडगार, थोडी गोडसर आणि कमी अल्कोहोलची पांढरी वाइन लागते. काका क्षणभर नाराज झाले. "पोरीनं एवढ्या हौसेनं देल्ली नं बापा," ते म्हणाले. मग पिनोटाज आधी भाजलेल्या वांग्याबरोबर आणि चीजबरोबर द्यायची आणि सावजीबरोबर नाशिकची शेनिन ब्लांक द्यायची, असे ठरले. शेनिन ही केपची, म्हणजे केपटाऊनच्या आसपासच्या मुलखाचीही जुनी ओळखीची. तिकडे तिला स्टीन म्हणतात. एकच द्राक्ष दोन गावांतून एका पंगतीत येणार, हे काकूंना फार आवडले.

नाशिकची खोकी समृद्धी महामार्गाने आली आणि मी ती माझ्याकडच्या गार खोलीत आडवी ठेवली. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा परवाना काढला. पाहुणे चोवीस होते. त्यांत चार मुले, वाइनसाठी लागणारे 21 वर्षांचे वय अजून पूर्ण न झालेली दोन कॉलेजची पोरे, स्वतः न पिणारे एक मामा आणि वर्ध्याच्या एक आजी, म्हणजे पिणारे सोळा.

त्या शनिवारी ऊन चाळिशीला टेकले होते. दुपारी साडेतीनला मी बागेत पोहोचले. आंबिया बहराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची फळे झाडांवर नुकती वाटाण्याएवढी झाली होती आणि मृग बहराची, म्हणजे गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची शेवटची काही संत्री एका कोपऱ्यात शिल्लक होती. मांडव, टेबले, चूल, सगळे नीट लागले होते. मी केपच्या बाटल्या मागितल्या तेव्हा घरचा ड्रायव्हर त्या गाडीच्या डिकीतून काढून घेऊन आला. गाडी सकाळी अकरापासून उघड्यावर उभी होती.

पहिली पिनोटाज हातात घेतली आणि मला कळले. बूच बाटलीच्या तोंडाच्या वर आले होते आणि वेष्टनाखालून चिकट लाल ओघळ उतरला होता. तापलेली वाइन फुगते आणि बुचाला वर ढकलते. दुसऱ्या पिनोटाजची तीच अवस्था होती. सॉव्हिन्योंला फिरकीचे झाकण होते, त्यामुळे बाहेरून काहीच दिसत नव्हते. ती गार केल्याशिवाय चाखून निकाल देणे अन्यायाचे झाले असते. बादलीत अर्धा बर्फ, अर्धे पाणी आणि मूठभर मीठ घालून मी बाटली त्यात वीस मिनिटे बुडवून ठेवली. नुसत्या बर्फापेक्षा हे मिश्रण बाटलीला सगळीकडून चिकटते आणि लवकर गार करते. मग झाकण उघडले. जिथे हिरवा वास यायला हवा होता तिथे उकडलेल्या सफरचंदाचा वास होता आणि चव सपाट झाली होती. आणि डिकीतून निघाल्या होत्या त्या तीनच बाटल्या.

चूक ड्रायव्हरची नव्हती. बाटल्या बागेत पाठवा, एवढेच मी सांगितले होते. त्या कशा पाठवायच्या आणि आल्यावर कुठे ठेवायच्या हे सांगणे माझे काम होते आणि मी ते केले नव्हते. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर आहे, तिथल्या तळघरांची मला सवय झाली होती. नागपूरच्या मार्चमध्ये वाइनला दुधासारखे जपावे लागते, हे मला माहीत असूनही मी ते शब्दांत सांगितले नव्हते.

पाहुणे यायला तीन तास होते. लाल वाइन खूप गार करून दिली असती तर निम्म्या लोकांना काही कळले नसते. बिघडलेला वास थंडीत दबतो, आणि तिथे बसणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पिनोटाज पूर्वी कधी घेतलेली नव्हती. पण काकूंनी ती मळ्यावर, लेकीशेजारी बसून घेतली होती. त्यांना कळले असते, आणि कळूनही त्या माझ्यासाठी गप्प बसल्या असत्या. तो विचार मला सहन झाला नाही. मी स्वयंपाकघरात गेले, त्यांना बाजूला घेतले आणि ओघळ आलेली बाटली हातात दिली. "काकू, ह्या तिन्ही खराब झाल्या आहेत. कशा ठेवायच्या ते मी सांगायला हवं होतं. ह्या टेबलावर मांडता येणार नाहीत."

त्या बाटलीकडे पाहत राहिल्या. मग पदराने तो ओघळ पुसला आणि म्हणाल्या, "एक घरी आहे." सॉव्हिन्योंची चौथी बाटली त्यांनी पाठवलीच नव्हती, लग्नाच्या वाढदिवशी दोघांनी उघडायची म्हणून ती धरमपेठेच्या घरी फ्रिजमध्ये ठेवली होती. मी नको म्हणाले. त्यांनी माझ्याकडे लक्षही दिले नाही आणि पुतण्याला फोन लावला. तो निघायच्या बेतात होता. बर्फाचा डबा घे, बाटलीला ओला पंचा गुंडाळ, डबा डिकीत न ठेवता एसीसमोर, मांडीवर धरून आण, असे सगळे मी या वेळी त्याला एकेक करून सांगितले.

पुतण्या साडेसहाला आला. मी बाटली उघडली, तीस मिलिलिटर चाखण्यासाठी काढली आणि पेला नाकाशी नेला. कापलेले गवत, ढोबळी मिरची, थोडे लिंबाचे साल. बाटली सुखरूप होती. उरले 720 मिलिलिटर आणि पिणारे सोळा, म्हणजे प्रत्येकाला पंचेचाळीस. मोजमाप घेऊन मी स्वतः ओतले. कढईतून निघालेली सांबारवडी प्रत्येकाच्या हातात पडल्याशिवाय एकही पेला पुढे केला नाही, कारण ही वाइन पाहुण्यांना एकदाच मिळणार होती.

त्या दोन-तीन मिनिटांत मांडवात जी शांतता झाली ती मला आजही आठवते. कोणी जाणकारीचे बोलले नाही. एका आत्यांनी वडीचा तुकडा तोडला, घोट घेतला, पुन्हा तुकडा तोडला आणि शेजारणीला म्हणाल्या, "सांबार जास्त हिरवा लागून राहिला नं?" मला जे दोन परिच्छेदांत समजावता आले नसते ते त्या एका वाक्यात बोलून गेल्या. काकांनी पेला दोन्ही हातांत धरला होता. ते काही बोलले नाहीत, फक्त काकूंकडे पाहून मान हलवली.

पुढचे जेवण नाशिकच्या बाटल्यांनी निभावले. पाटवडीला रोझे, म्हणजे गुलाबी वाइन चालली. सावजीबरोबर आठ अंशांपर्यंत गार केलेली शेनिन मी जराही कुचराई न करता ओतत राहिले, कारण तिथे ती औषधासारखी काम करते. तिच्यातली साखर दाह निववते आणि पुढच्या घासाला जीभ तयार होते. नाशिक उत्तर गोलार्धात असूनही तिथली काढणी जानेवारी ते मार्च, म्हणजे केपबरोबरच होते, कारण आपण ऑक्टोबरच्या सुमाराला छाटणी करून हिवाळ्यात द्राक्षे पिकवतो. हे मी सांगितले तेव्हा कॉलेजच्या दोन पोरांनी बरेच प्रश्न विचारले. पेला न मिळाल्याची त्यांची नाराजी तोपर्यंत गेली होती.

वर्ध्याच्या आजी काकूंच्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्या जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे, आणि वाइनच्या मांडवात त्या येतील का, अशी काकूंना धास्ती होती. मी त्यांच्यासाठी आणि मुलांसाठी कोपऱ्यातल्या झाडांवरची शेवटची संत्री काढून सरबत केले होते, त्यात काळे मीठ आणि थोडे आले घालून, आणि तेही त्याच पायाच्या काचेच्या पेल्यांत दिले. आजी शेवटपर्यंत बसल्या, सावजीचा रस्सा दोनदा घेतला.

बिघडलेल्या पिनोटाजचे मी गूळ, दालचिनी आणि संत्र्याची साल घालून मंद आचेवर आटवून दाट सार केले आणि ते श्रीखंडावर घातले. आटवली तरी वाइनचा अंश पूर्ण जात नाही, म्हणून आजींच्या, मामांच्या, मुलांच्या आणि त्या दोन पोरांच्या वाट्या मी वेगळ्या ताटात, त्याशिवाय भरल्या आणि वाढणाऱ्या मुलाला ते ताट दाखवून ठेवले. हिशेब करताना त्या तीन बाटल्यांची रक्कम मी माझ्या बिलातून वजा केली होती. काकांनी त्या ओळीवर पेनाने रेघ मारून कागद परत दिला.

नऊच्या सुमारास मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि तिच्या मागे ऊन अजून टेकडीवर होते. काकूंनी तिला बाटल्यांचे सगळे खरे सांगितले, आणि मी शेजारी उभी राहून ऐकले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "मग उरलेली कशासोबत उघडली?"

"सांबारवडीसोबत," काका म्हणाले.

"आई, मला करायला सांग. इथे दुकानात कोथिंबिरीची जुडी मिळते, धनियाच म्हणतात तिला."

काकूंनी फोन माझ्या हातात दिला आणि चष्मा शोधू लागल्या. मी मापे सांगू लागले: चार मोठ्या जुड्या, धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या, वाटीभर किसलेले सुके खोबरे, दोन चमचे भाजलेली खसखस. पारी अगदी पातळ लाट, आणि आतून चिंचेच्या कोळाचा हात फिरवायला विसरू नकोस.