आमची वाटचाल : ज्याचा संगणक, त्यानेच विंडोज टाकावी

पुण्यात संगणक जोडणी, विक्री आणि दुरुस्तीचा आमचा छोटा व्यवसाय आहे. आमच्या ग्राहकांत बँक कर्मचारी आहेत, शिक्षक आहेत आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी मराठवाडा-विदर्भातून येऊन पुण्यात खोली घेऊन राहणारे विद्यार्थीही आहेत. यांतील बरेच जण दृष्टिहीन आहेत. दृष्टिहीन माणसाला आपल्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम (विंडोजसारखी संगणक चालवणारी मूळ प्रणाली) कोणाच्याही डोळ्यांची मदत न घेता स्वतः टाकता यावी, हे आमच्या कामाचे केंद्र कसे झाले, ते येथे लिहीत आहे.

स्क्रीन रीडर हा पडद्यावरचा मजकूर बोलून वाचून दाखवणारा, ऑपरेटिंग सिस्टीमच्या आत चालणारा प्रोग्रॅम असतो. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीम टाकली जात असते, नेमक्या त्याच वेळी संगणक मुका असतो. विंडोज एक्सपीच्या काळात निळ्या पडद्यावर एफ-८ दाबून करार मान्य करण्यापासून पार्टिशन (डिस्कचा भाग) निवडणे, फॉरमॅट मारणे, नंतर साउंड ड्रायव्हरची (आवाजाचे यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) सीडी चालवणे इथपर्यंत सगळे डोळस माणसानेच करायचे, आणि त्यानंतर स्क्रीन रीडर टाकला की मग कुठे संगणक मालकाशी बोलू लागायचा. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांच्या प्रयत्नांतून एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर उभा राहू लागला आणि स्क्रीन रीडरच्या महागड्या परवान्याचा प्रश्न बराच सुटला. विंडोज टाकण्याचा प्रश्न मात्र होता तिथेच राहिला.

याचा व्यवहारातला परिणाम आम्ही पुन्हा पुन्हा पाहत होतो. संगणक बिघडला की दृष्टिहीन ग्राहक तो जवळच्या दुकानात देई, तेथील मुलगा फॉरमॅट मारून विंडोज टाकून देई, आणि घरी आणल्यावर संगणकातून आवाजच येत नसे, कारण स्क्रीन रीडर परत टाकायचा असतो हे कोणाच्या ध्यानातच आलेले नसे. एका शिक्षकांचा तर डी ड्राइव्हही अशाच एका दुकानात पुसला गेला होता आणि अनेक वर्षांच्या ध्वनिमुद्रित टिपणांना ते मुकले होते. काय पुसायचे आणि काय ठेवायचे, हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते. शिवाय खात्याचा पासवर्ड दुसऱ्याने ठरवलेला आणि दुसऱ्याला माहीत असलेला. पगाराचे खाते, खासगी पत्रव्यवहार, परीक्षेचे अर्ज ज्या यंत्रावर आहेत, त्याचा पहिलाच पासवर्ड परक्याच्या हातात असणे ही साधी गैरसोय नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

माझे भागीदार स्वतः पूर्णपणे दृष्टिहीन आहेत. ते आधी आमचे ग्राहक होते. व्यवसायात आले ते याच मुद्द्यावर, की आपण विंडोज टाकून देण्याऐवजी ग्राहकाला ती टाकता येईल अशी सोय करून द्यायची.

सुरुवात आम्ही उत्तर-फाइलपासून केली. बूटेबल पेनड्राइव्हच्या (ज्यावरून संगणक सुरू करता येतो अशा पेनड्राइव्हच्या) मुळाशी, म्हणजे कोणत्याही फोल्डरच्या बाहेर, ऑटोअनअटेंड नावाची एक्सएमएल फाइल ठेवली, की विंडोजचा सेटअप भाषा, करार, खाते यांची उत्तरे तिच्यातून स्वतःच घेतो आणि प्रश्न विचारत बसत नाही. सोय उत्तम, पण त्याच फाइलमध्ये संपूर्ण डिस्क पुसण्याची सूचना घातली, तर तीही तो न विचारता पाळतो. म्हणून डिस्कची निवड आम्ही त्या फाइलमध्ये कधीही घालत नाही; तो निर्णय संगणकाच्या मालकानेच, प्रश्न ऐकून घ्यायचा. हे शक्य झाले ते २०१७ नंतर. त्या वर्षीच्या विंडोज १० क्रिएटर्स अपडेटपासून सेटअप सुरू असतानाच विंडोज, कंट्रोल आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबल्या की नॅरेटर हा विंडोजमधलाच स्क्रीन रीडर बोलू लागतो. अडचण येते ती काही नव्या लॅपटॉपवर, कारण त्यांच्या साउंड चिपचा ड्रायव्हर सेटअपजवळ नसतो. अशा वेळी साधे यूएसबी साउंड कार्ड जोडले की बहुधा काम भागते, म्हणून आमच्या पेनड्राइव्हबरोबर ते असतेच.

विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाबतीत, तिचाच एक प्रकार असलेल्या डेबियनने हा विचार फार नीट केलेला आहे, आणि ज्याला शक्य असेल त्याने तो अनुभव एकदा घ्यावा, असे मला मनापासून वाटते. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू झाला की डेबियनच्या इन्स्टॉलरचा (सिस्टीम टाकणाऱ्या प्रोग्रॅमचा) बूट मेनू तयार असल्याची बीप ऐकू येते. बीप आली की एस दाबायचा आणि एंटर करायचे. संगणकात एकाहून अधिक साउंड कार्डे असतील, तर इन्स्टॉलर एकेका कार्डावर बोलून पाहतो आणि आवाज ऐकू आला की एंटर दाबा, असे सांगतो. पुढचा प्रत्येक प्रश्न क्रमांक दिलेल्या पर्यायांसह वाचला जातो. हव्या त्या पर्यायाचा क्रमांक टंकायचा आणि एंटर करायचे. माउस नाही, चाचपडणे नाही. डिस्कवर बदल लिहिण्यापूर्वी तो थांबून विचारतो आणि तेथे आधीपासून दिलेले उत्तर ‘नाही’ असते, त्यामुळे चुकून एंटर दाबले गेले तरी काही पुसले जात नाही. ब्रेल डिस्प्ले (पडद्यावरचा मजकूर ब्रेलच्या उठावदार ठिपक्यांत दाखवणारे यंत्र) जोडलेला असेल, तर हेच सगळे बोटांखालीही वाचता येते. काम संपवून संगणक पुन्हा सुरू झाला की नवी सिस्टीमही बोलतच सुरू होते, कारण आवाजाची सोय इन्स्टॉलरने तिच्यातही आपणहून टाकलेली असते.

हे आवाज आमच्या ग्राहकांना बहुतेक वेळा इंग्रजीतच ऐकावे लागतात. मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याला पार्टिशनसंबंधीचे इंग्रजी वाक्य घाईच्या आवाजात कळेलच असे नाही, म्हणून माझ्या भागीदारांनी प्रत्येक टप्प्याचे मराठी ध्वनिमुद्रण केले आहे. प्रश्न कोणता येईल, त्याचा अर्थ काय आणि कोणते उत्तर दिल्यास काय होईल, एवढेच त्यात क्रमाने सांगितलेले आहे. सोबत तेच ब्रेलमध्ये छापलेले पत्रकही देतो. विंडोज आणि डेबियन यांचे पेनड्राइव्ह हाताला वेगळे कळावेत म्हणून त्यांवर ब्रेल पट्टी असते, आणि लॅपटॉपच्या ज्या कळीने त्याचा स्वतःचा बूट मेनू (संगणक कशावरून सुरू करायचा त्याची यादी) उघडतो तिच्यावर आम्ही उठावाचा ठिपका चिकटवतो. डेलमध्ये ही कळ सहसा एफ-१२ असते आणि एचपीमध्ये एफ-९. लॅपटॉपवर या कळा एका ओळीत सलग असतात, त्यामुळे ठिपका नसेल तर दर वेळी डावीकडून मोजत यावे लागते.

सर्वांत अवघड भाग अजूनही बायोसचा आहे. ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होण्याच्या आधीचा तो पडदा आम्ही विकत असलेल्या कोणत्याही यंत्रावर बोलत नाही. तेथे जाण्याची वेळच शक्यतो येऊ नये, एवढेच आमच्या हातात आहे. नवा संगणक देताना बूटचा क्रम आधीच असा लावतो, की पेनड्राइव्ह असेल तर तो प्रथम वाचला जाईल. विंडोज चालू असलेल्या यंत्रावर शिफ्ट दाबून रीस्टार्ट केले की येणाऱ्या मेनूतून पेनड्राइव्ह निवडता येतो आणि तेथे नॅरेटरही चालतो. डेल, एचपी आणि लेनोवो यांच्या कार्यालयीन श्रेणीतील यंत्रांच्या अनेक बायोस सेटिंग विंडोजच्या आतूनच कमांड देऊन बदलता येतात. म्हणून दृष्टिहीन ग्राहकाला थोडे जुने, पण या श्रेणीतले यंत्र घ्या, असाच सल्ला आम्ही देतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित पाठिंबा संपला आणि आमचे काम एकदम वाढले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय संगणकात लागते आणि ते नसलेली, एरवी उत्तम चालणारी यंत्रे अनेकांकडे आहेत. अशा विद्यार्थ्यांना आम्ही डेबियन किंवा केरळमधून आलेली ॲक्सेसिबल कोकोनट ही सिस्टीम सुचवतो, मात्र ऑर्का या स्क्रीन रीडरच्या कळा नव्याने शिकाव्या लागतील, हे आधी सांगून. बँकेतील ग्राहकांना आम्ही लिनक्सचा आग्रह धरत नाही, कारण जॉज हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर लिनक्सवर चालत नाही आणि त्यांचे रोजचे काम त्यावर अवलंबून असते.

पेनड्राइव्ह, साउंड कार्ड, ध्वनिमुद्रण आणि पत्रक यांच्या संचासाठी आम्ही फक्त सामानाची किंमत घेतो. आमचे उत्पन्न यंत्रांच्या विक्रीतून आणि देखभालीच्या करारांतून येते. पहिल्या वेळी ग्राहक आमच्या दुकानातच, रिकाम्या ठेवलेल्या एका यंत्रावर सराव करतो, आणि त्या वेळी शेजारी माझे भागीदार बसतात, मी नाही. एखाद्या यंत्रात बायोसला हात लावल्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर ते ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगतो आणि व्हिडिओ कॉलवर पडदा वाचून दाखवतो. कळा मात्र तेव्हाही ग्राहकच दाबतो.