तुम्ही विचारलेत म्हणून : हे सारे लेखकाच्या मनात होते का?

लग्नाच्या पंगतीत, स्टाफरूममध्ये, बँकेतून निवृत्त झालेल्या माझ्या साडूंकडून आणि दर वर्षी तृतीय वर्षाच्या वर्गातल्या निदान एका मुलाकडून मला हा प्रश्न येतो : नाटकाच्या नावात तुम्ही सांगता तेवढा अर्थ खरेच असतो का, की दहा गुणांच्या प्रश्नासाठी तुम्ही प्राध्यापक मंडळी तो मागाहून कोंबता? बावीस वर्षे अमेरिकन नाटक शिकवताना हा प्रश्न मी हसण्यावारी नेत आलो. आता एकदा नीट उत्तर देतो, कारण त्या हसण्याआड मी एक गोष्ट दडवत होतो.

आधी माझे पारडे जिथे जड आहे ते सांगतो. टेनेसी विल्यम्सचे ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ (1947) घ्या. न्यू ऑर्लिन्समध्ये डिझायर नावाचा रस्ता आहे आणि त्या नावाची पाटी लावलेली ट्राम 1948 पर्यंत शहरात धावत होती. नाटकाची नायिका ब्लांश रंगमंचावर आल्याआल्या आपल्याला सांगितलेला पत्ता घोकते : आधी डिझायर पकडायची, मग सिमेटरीजमध्ये बदलायचे आणि सहा चौक पुढे एलिझियन फील्ड्सला उतरायचे. वासना, स्मशान आणि ग्रीकांच्या पुण्यात्म्यांचे मरणोत्तर नंदनवन, ही तिन्ही नावे त्या शहरात आधीपासून होती; लेखकाने ती फक्त या क्रमाने एका बाईच्या तोंडी घातली. या नाटकाला विल्यम्सने आधी ‘द पोकर नाइट’ असे नाव दिले होते. ते राहिले असते, तर पत्ते कुटत बसलेल्या पुरुषांच्या घरात एक बाई येते असे ते नाटक झाले असते. नव्या नावाने ते तिच्या प्रवासाचे झाले. तेंडुलकरांनी मराठीत ‘वासनाचक्र’ केले, तेव्हा ट्राम गेली पण चाक राहिले, असे मी मोठ्या कौतुकाने सांगतो. (साडूंना ते पटलेले नाही. त्यांच्या मते चक्र म्हणजे फेरा.) एडवर्ड अल्बीला तर ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’ (1962) हे नाव एका बारच्या आरशावर साबणाने खरडलेले सापडले होते.

खरी अडचण आर्थर मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’पाशी (1949) आहे. हे शब्द नाटकातच येतात. फिरतीऐवजी शहरातच काम मागायला गेलेला नायक विली लोमन आपल्या तरुण मालकाला डेव्ह सिंगलमनची गोष्ट सांगतो : 84 वर्षांचा म्हातारा, हिरव्या मखमली सपाता घालून हॉटेलच्या खोलीतून फोनवर धंदा करणारा, जो बॉस्टनला निघालेल्या आगगाडीत सेल्समनला साजेसे मरण मेला आणि ज्याच्या अंत्यविधीला शेकडो विक्रेते आणि खरेदीदार आले. विली स्वतः 20,000 डॉलरच्या विम्यासाठी मोटार घेऊन मरायला जातो आणि त्याच्या थडग्यापाशी मोजून पाच माणसे उभी राहतात.

वर्गात मात्र मी या वाटेने जात नसे. मी फळ्यावर ‘लोमन’ लिहून मध्ये एक उभी रेघ मारत असे : लो मॅन, सर्वांत खालच्या पायरीवरचा माणूस. मुले ते वहीत उतरवून घेत आणि मला आपण काहीतरी उघडून दाखवल्यासारखे वाटे.

दहाएक वर्षांपूर्वी अंतर्गत परीक्षेत शीर्षकाच्या प्रश्नाला एका मुलीने दोन पाने लिहिली. नाटकात विली काय विकतो हे शेवटपर्यंत कळू दिलेले नाही, फक्त पहिल्या प्रवेशात तो दोन जड पेट्या घेऊन घरात येतो, इथपर्यंत तिचे इंग्रजी ठीक होते. पुढे ते ढासळले होते. तिचे वडील औषधांच्या कंपनीचे एम.आर. होते आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यात वारले होते, हे मला त्या उत्तरातूनच कळले. तेराव्यानंतर कंपनीचा माणूस घरी आला, काळ्या बॅगेतल्या सॅम्पलच्या पट्ट्या त्याने मोजल्या, सही घेतली. आईने बॅगेच्या कप्प्यातून जेवणाचा डबा काढून घेतला तेव्हा त्याने यादी पुन्हा एकदा तपासली. शेवटचे वाक्य असे होते : शीर्षकात त्याचे नाव नाही, फक्त नोकरी आहे.

मी समासात ‘विषयांतर’ लिहिले आणि दहापैकी तीन गुण दिले. त्यात लो मॅन नव्हता, अमेरिकन स्वप्नाचा उल्लेख नव्हता.

पेपर दाखवले त्या दिवशी ती टेबलापाशी आली. गुण वाढवून मागेल म्हणून मी उत्तर तयार ठेवले होते. तिने विचारले, “सर, ते लो मॅन मिलरने कुठे लिहिलंय का?” मी म्हणालो, “लिहायला कशाला हवं? उघड आहे.” ती “बरं सर” म्हणाली आणि पेपर तिथेच ठेवून गेली.

मिलरचे आत्मचरित्र मी त्यानंतर दोन वर्षांनी वाचले. ‘लोमन’ हे नाव कुठून आले ते त्यात आहे. दिग्दर्शक फ्रिट्झ लांगच्या, डॉ. माबुझ या गुन्हेगारावरील 1933 च्या चित्रपटात एक भेदरलेला माणूस टेलिफोनवर लोहमान या पोलीस अधिकाऱ्याला हाका मारतो. मिलरच्या मनात राहिले होते ते हे नाव आणि कधीच न येणाऱ्या मदतीसाठी मारलेली ही हाक. लो मॅन त्याच्या मनात नव्हता.

माझ्या बचावाचे मुद्दे मला पाठ आहेत. चार दिवसांत एकशेवीस पेपर तपासायचे होते. इंग्रजी कानाला त्या नावात लो मॅन ऐकू येणारच, आणि ज्या नाटकात सिंगलमन आहे तिथे लोमन केवळ योगायोगाने आला, हे मी आजही मानत नाही. पण मिलरने या नाटकाला आधी ‘द इनसाइड ऑफ हिज हेड’ असे नाव योजले होते. त्यात निदान ‘त्याचे’ डोके होते. ते खोडून नाटककाराने धंदा ठेवला, आणि आधीचे नाव ठाऊक नसताना त्या मुलीला नेमके हेच दिसले होते. तेव्हाच्या माझ्याशी मी हे भांडतो तेव्हा तो विचारतो, मग किती द्यायला हवे होते? सात? पेट्यांच्या मुद्द्याचे किती आणि डब्याचे किती? मला तो हिशेब जमत नाही.

तेव्हा साडूंना आणि तृतीय वर्षाला माझे उत्तर एवढेच, की लेखकाच्या मनात काय होते हे मी सांगू शकत नाही. त्याने कोणते नाव खोडून कोणते ठेवले, हे दाखवू शकतो. आता वर्गात मी दोन्ही नावे फळ्यावर लिहितो आणि लोहमानही सांगतो. यंदाच्या उत्तरसूचीत चौथा मुद्दा ‘लोमन म्हणजे लो मॅन, एक गुण’ असा छापून आला होता. मी तो खोडला नाही, आणि ज्यांनी लिहिला त्यांना तो एक गुण दिला.