शनिवारचा शेवटचा तास

स्मरणिकेत बहुतेक जण स्नेहसंमेलनावर, खो-खोच्या संघावर आणि खाल्लेल्या छड्यांवर लिहितील. मी बायबलच्या तासावर लिहितो. तो शनिवारी सकाळच्या शाळेत अगदी शेवटी असे आणि आम्हा बोर्डिंगच्या पोरांचे कान जेवणाच्या घंटेकडे लागलेले असत.

येशूचा शिष्य पेत्र, त्याने येशूला तीनदा नाकारलं, हे दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, पाळकसाहेबांकडून ऐकलेलं होतं. बाईंनी विचारलं, "नाकारलं तेव्हा तो उभा कुठं होता?" कुणालाच सांगता येईना. मग योहानाचा 18वा अध्याय काढायला लावला. प्रमुख याजकाच्या वाड्यात कोळशाचा विस्तव पेटलेला आणि हा तिथं चाकरांबरोबर शेकत उभा. लगेच 21वा अध्याय. पुनरुत्थानानंतरची पहाट, तिबिर्याच्या समुद्राचा काठ, पुन्हा कोळशाचाच विस्तव आणि त्यावर मासळी. तिथं येशू पेत्राला तीनदा विचारतो, "माझ्यावर प्रीती करतोस काय?" बाई म्हणाल्या, "त्याच धुरात आणून उभा केला बघा त्याला. आणि वर कामाला लावलं, माझी मेंढरं चार म्हणून."

बाईंनीच आम्हाला सहलीला केडगावला नेलं. आपल्या नगरजवळचं नव्हे, दौंडकडचं, पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनचं. रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण 1870च्या दशकातल्या दुष्काळात अन्नावाचून गेली. पुढं 1896-97चा दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, त्याचे खिळे मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी जुळवले. वर्गातली एक मुलगी पटकन बोलून गेली, "म्हणजे बाई, ह्या मुली वाचाव्यात म्हणून देवानं रमाबाईंचे आईवडील नेले?" बाई एरवी चिडत नसत, तेव्हा चिडल्या. "असं म्हणायचं नाही. दुष्काळ तो दुष्काळच. भुकेनं मेलेलं माणूस देवाला बरं वाटत नाही. पण ते दुःख त्यानं वायाही जाऊ दिलं नाही, एवढंच म्हण."

हा फरक मला फार पुढं कळला. मयताच्या घरी, अजून पेटीसुद्धा उचललेली नसताना, बायबलमधलं रोमकरांस 8:28 हे वचन म्हणून दाखवणाऱ्यांचा मला आजही राग येतो. "सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक" हे वचन खरंच आहे, पण ते रडणाऱ्याला गप्प करायला दिलेलं नाही. थोमा या शिष्याला भेटलेल्या, मेलेल्यांतून उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे वण होतेच की!

माझे वडील, आप्पा, प्यायचे. गावाला ठाऊक आहे, म्हणून इथं लिहायला संकोच नाही. त्यांनी दारू सोडली, परत धरली, परत सोडली. शेवटी सुटली ती कायमची. मग ते संध्याकाळी गावातल्या पिणाऱ्यांच्या ओसरीवर जाऊन बसू लागले. पाळकांना दारातूनच वाटेला लावणारी माणसं आप्पांना आत घ्यायची. "हा आपल्याच बाकावरचा," असं त्यातला एक जण म्हणाला होता. उपदेश आप्पांना येत नसे. बसायचे, चहा प्यायचे, अंधार पडला की त्या माणसाला गुत्त्याच्या वाटेवरून वळवून घरी आणायचे. त्यातले काही सुधारले, काही नाही.

आप्पांच्या पिण्याच्या दिवसांत आईच्या कानातली सोन्याची फुलं सावकाराकडे गेली, ती गेलीच. आप्पांना तिनं केव्हाच माफ केलंय. आता तेही गेले. तरी दर ईस्टरला कबरेवर फुलं ठेवताना आई म्हणते, "वर भेटले की आधी माझ्या फुलांचं विचारणार आहे." भेटतील याबद्दल तिला तिळभर शंका नाही.