आनापानाचे साडेतीन दिवस

आजोबांनी १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली होती, त्यामुळे बुद्धवंदना आणि पंचशील मी शाळेत जाण्याआधीपासूनच घडाघडा म्हणत असे. ध्यानाला मात्र आमच्या घरात कोणी कधी बसले नव्हते. तरीही इगतपुरीच्या धम्मगिरीवरील १० दिवसांच्या विपश्यना शिबिराचा अर्ज भरताना, आपल्याला यातले बरेच ठाऊक आहे, असा माझा उगाचच समज होता.

पहिल्या संध्याकाळी मोबाइल, पुस्तके आणि वही जमा केली आणि आर्यमौन सुरू झाले. पहाटे ४ वाजता घंटा, साडेचारला ध्यान, ११ वाजता जेवण आणि सायंकाळी ५ वाजता नव्या साधकांना चहा-फळे. रात्रीचे जेवण नाही. भुकेची मला धास्ती होती, पण तिचा त्रास दुसऱ्याच दिवशी संपला. न बोलण्याचे तर सुखच वाटले.

खरी अडचण श्वासाची झाली. पहिले साडेतीन दिवस केवळ आनापान, म्हणजे नाकपुड्यांखालच्या आणि वरच्या ओठावरच्या इवल्याशा जागेवर येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा जाणत राहणे. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका यांच्या ध्वनिमुद्रित सूचनांत हे पुनःपुन्हा सांगितले जात होते, तरीही पूर्वी योगवर्गात शिकलेल्या प्राणायामाच्या सवयीने मी श्वास लांबवत राहिले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डोके इतके जड झाले की सहायक आचार्यांना भेटावे लागले. त्यांनी एवढेच विचारले, “श्वास तुम्ही घेता आहात, की तो येतो आहे?” त्यानंतर श्वास आपोआप येऊ द्यायला मला अख्खा दिवस लागला आणि तेव्हाही तीन-चार श्वासांपलीकडे मन टिकेना, ते खुशाल गॅस सिलिंडरच्या नोंदणीकडे किंवा नणंदेच्या जुन्या बोलण्याकडे निघून जाई.

चौथ्या दिवशी प्रत्यक्ष विपश्यना, म्हणजे अंगभरच्या संवेदना तटस्थपणे पाहण्याची साधना दिली गेली आणि अधिष्ठानाच्या बैठका सुरू झाल्या. तासभर हात, पाय आणि डोळे उघडायचे नाहीत, अशा दिवसातून तीन बैठका. मी मांडीखाली उशांचा मनोराच रचला होता, पण चाळीसेक मिनिटांनी उजव्या गुडघ्यात आग उठे. सहाव्या दिवशी, नुसतेच सोसण्याऐवजी, त्या आगीकडे पाहत बसले तेव्हा तिच्यात ठणका, ऊब आणि मुंग्या असे वेगवेगळे काही सापडले आणि त्यातले काहीच जागेवर थांबत नव्हते. आमच्याकडे मयताच्या वेळी ‘अनिच्चा वत सङ्खारा’, म्हणजे ‘घडलेले सगळे अनित्य आहे’, असे म्हणतात. इतकी वर्षे मी ती गाथा मेलेल्या माणसासाठीच असते, असे धरून चालले होते.

दहाव्या दिवशी मैत्रीभावनेनंतर, म्हणजे सगळ्यांचे भले चिंतण्याच्या ध्यानानंतर, मौन सुटले आणि धम्मगिरीवर अक्षरशः बाजार भरल्यासारखा गलका झाला. त्यात माझाही आवाज होताच.

घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे, असे सांगितलेले आहे. पहाटेचा पाऊण तास मला जमतो, संध्याकाळचे अजून जमलेले नाही. उजव्या गुडघ्याखाली एक उशी अजूनही लागते.